वाफसा चुकला तेव्हा : एका बॉक्सर मुलीच्या दोन हंगामांची नोंद

डिसेंबरात राज्य अजिंक्यपद स्पर्धा आणि डिसेंबरातच कापसाची दुसरी वेचणी. दोन्ही एकाच महिन्यात येतात हे मला बारा वर्षं ठाऊक होतं. त्यांचं एकमेकींशी काही देणंघेणं आहे, हे कळायला मात्र एका पोरीला हरावं लागलं.

आमचं केंद्र यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी-दिग्रस पट्ट्यातल्या एका गावात आहे. बंद पडलेल्या जिनिंगचं गोदाम. मी दिवसा शाळेत शिकवतो, संध्याकाळी इथे असतो. रिंग नाही, जमिनीवर चुन्याने आखलेला चौकोन आहे. दोन बॅगा आहेत, त्यांत जुने कपडे आणि लाकडाचा भुसा भरलेला. नागपूरच्या अल्फिया पठाणने २०२१ साली पोलंडमध्ये युवा विश्वविजेतेपद मिळवलं, त्यानंतर आमच्याकडे मुली यायला लागल्या. ही त्यांतलीच एक. पहिल्या हंगामात वीस वर्षांची, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, गट ५७ किलोचा. घरी पाच एकर वावर, त्यात तीन एकर कपाशी. तिला विचारूनच लिहितो आहे, नाव मात्र गाळलं आहे.

त्या वर्षी विभागाच्या निवड चाचणीत, नोव्हेंबरच्या मध्यावर, तिने दोन लढती अशा खेळल्या की समोरच्या मुलीचा प्रशिक्षक मला येऊन विचारून गेला, हिला खुराक काय देता? पाच आठवड्यांनी राज्यस्पर्धेत पहिल्याच लढतीत ती ०-५ ने, म्हणजे पाचही पंचांच्या मते, हरली. हरण्याचं दुःख नाही, पण ती मुलगी ती नव्हतीच. जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, जायचा तो परत यायला वेळ लागायचा. हात खाली राहायचा आणि समोरचीचा हुक, बाजूने वळून येणारा ठोसा, त्यावरून आत यायचा. दुसऱ्या राउंडनंतर स्टुलावर बसली तेव्हा दमली म्हणावं तर श्वास फार चढलेला नव्हता. "अंग जड झालं सर," एवढंच म्हणाली.

मी तर सगळं शिस्तीत केलं होतं. पुस्तकात असतो तसा टेपर दिला होता.

टेपर म्हणजे काय ते इथेच सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. मेहनत केली की अंगात दोन गोष्टी साठतात, कमाई आणि थकवा. दोन्ही एकदमच साठतात, म्हणून मेहनतीच्या ऐन दिवसांत खेळाडू आपल्या खऱ्या ताकदीपेक्षा कमीच दिसतो. कॅनडातल्या एरिक बॅनिस्टर यांनी १९७५ च्या सुमारास हे गणितात मांडलं. थकवा झपाट्याने उतरतो, कमाई सावकाश. त्या गणितात सर्रास धरले जाणारे आकडे म्हणजे थकव्याला १५ दिवस आणि कमाईला ४५. स्पर्धेआधी मेहनत योग्य वेळी कमी केली तर थकवा गेलेला असतो आणि कमाई अजून हातात असते. ती मधली फट म्हणजे पीक. (आमच्या पोरांना हा शब्द सांगितला की ती हसतात. पीक म्हणजे त्यांना कपाशीच.) किती कमी करायची याबद्दल लॉरां बॉस्के आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये जुने अभ्यास एकत्र करून जे काढलं ते बहुतेक प्रशिक्षक मानतात: साधारण दोन आठवडे, सरावाचं प्रमाण ४१ ते ६० टक्क्यांनी कमी, पण जोर तोच आणि सरावाचे दिवसही जवळजवळ तेवढेच. म्हणजे बॅगेवर मारायचं ते तितक्याच ताकदीने, फक्त राउंड निम्मे. ते अभ्यास धावपटू, जलतरणपटू आणि सायकलपटूंवरचे आहेत, बॉक्सरवरचे नाहीत, हे ध्यानात ठेवायला हवं. तरी दुसरं बरं काही हाताशी नाही.

हे मी तंतोतंत केलं होतं. एरवी सहा संध्याकाळी शंभर-शंभर मिनिटं, ती पाच संध्याकाळी पन्नास मिनिटांवर आणली. सकाळचं धावणं चार दिवसांवरून दोनवर, तेही तीस-तीस मिनिटांचं. शेवटचं जोराचं स्पॅरिंग, म्हणजे सरावाची लढत, बारा दिवस आधी उरकलं. मग बिघडलं कुठे?

उत्तर मिळालं ते लढतीनंतर, तिच्या हातावरची पट्टी सोडताना. ग्लोव्ह्ज निघाले, पट्टीचे वेढे उलगडत मी बोटांपर्यंत आलो. नखांच्या कडेने, पेरांवर बारीक बारीक ओरखडे, काही ताजे, काही खपली धरलेले. अंगठ्याच्या आणि पहिल्या बोटाच्या टोकाला कातडी फाटलेली. बॉक्सिंगने बोटांची टोकं फाटत नाहीत.

"हे काय गं?"

"बोंडं लागते न सर."

"कधी गेली होती येचाले?"

"रोजच. तुम्हीच तं म्हटलं सकाळचं धावणं कमी, संध्याकाळीही लवकर सुट्टी. कॉलेजही बंद होतं. बाबा म्हणे, मंग चाल वावरात."

मी पट्टी गुंडाळत राहिलो. मी जे तास मोकळे केले होते ते वाफ होऊन उडाले नव्हते. कपाशी फुटलेली, मजूर मिळेना, गावोगावचे ट्रॅक्टर मजुरांसाठी भांडत होते. अशात घरची धडधाकट पोरगी सकाळी सातला खाटेवर बसून आहे हे कुठल्या बापाला पटेल? मलाही पटलं नसतं.

परत येताना एसटीत वहीच्या शेवटच्या पानावर हिशेब मांडला. अमेरिकेतल्या कार्ल फॉस्टर यांची एक सोपी रीत आहे. सराव किती मिनिटांचा आणि खेळाडूला तो शून्य ते दहात किती कष्टाचा वाटला, यांचा गुणाकार करायचा. यंत्र लागत नाही. नेहमीच्या आठवड्याचं केंद्रातलं ओझं: संध्याकाळ १०० मिनिटं, कष्ट ७, सहा दिवस, म्हणजे ४२००. धावणं ४० मिनिटं, कष्ट ५, चार दिवस, म्हणजे ८००. एकूण ५०००. टेपरच्या आठवड्यात संध्याकाळचे १७५० आणि धावण्याचे ३००, एकूण २०५०. कपात ५९ टक्के. कागदावर सुरेख.

मग वेचणी धरली. नेहमीच्या आठवड्यात ती फक्त रविवारी जायची, सहा तास. कष्ट किती, विचारलं तर ती चार म्हणाली. मी तीनच धरले. ३६० गुणिले ३, म्हणजे १०८०. टेपरच्या आठवड्यात रोज सकाळी सात ते अकरा असे सहा दिवस, वर रविवारचे सहा तास. ४३२० अधिक १०८०, म्हणजे ५४००. आता दोन्हींची बेरीज: नेहमीचा आठवडा ६०८०, टेपरचा आठवडा ७४५०.

मी विश्रांती देतोय असं समजत होतो, आणि पोरगी हंगामातला सगळ्यात जड आठवडा ओढत होती.

वेचणीचं ओझं आणि पॅडवरचं ओझं एकाच तराजूत घालता येत नाही, हे मान्य. वेचणीत छाती फुलत नाही. पण कमरेला ओटी बांधून झाडाझाडाशी वाकणं, ओटी भरत जाईल तशी तिच्या भाराने आणखी वाकणं, आणि बोटांनी प्रत्येक बोंडातून कापूस उपसणं, यात कंबर, मांडीची मागची बाजू आणि कोपराखालचा हात हे तीन भाग झिजतात. जॅब परत ओढायला लागतात ते नेमके यांतलेच. तिचा हात खाली का राहत होता, याचं कोडं मला पुसदच्या अलीकडे सुटलं.

आणखी एक घोळ झाला होता, तो माझाच. टेपरच्या चौथ्या दिवशी किराणा दुकानाच्या काट्यावर तिचं वजन ५७.८ भरलं. आधीच्या आठवड्यात ५७.१ होतं. विनेश फोगाट यांच्या १०० ग्रॅमची गोष्ट आमच्या प्रत्येक पोरीला पाठ आहे. ७ ऑगस्ट २०२४ ची ती सकाळ त्यांनी मोबाइलवर पाहिली आहे. ती घाबरली आणि मीही. रात्रीची भाकर बंद, सकाळी प्लास्टिकचा रेनकोट घालून पळणं. खरं कारण साधं होतं. मेहनत कमी झाली की स्नायूंत ग्लायकोजेन भरून येतं आणि प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेन स्वतःबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. वावर मध्ये असूनही भाकर पोटात गेली की थोडंफार भरतंच. ते वजन म्हणजे टाकी भरल्याची खूण. आम्ही टाकीला भोक पाडलं. त्यातच तिची पाळी जवळ आली होती, त्यानेही अंगात पाणी धरतं. हे मला पुढे बायकोकडून कळलं, कारण असलं काही पोरगी मला सांगणार नाही आणि मी विचारणार नाही. आमच्यासारख्या पुरुष प्रशिक्षकांचं अर्धं अज्ञान या संकोचात आहे.

दुसऱ्या वर्षी मी वही बदलली. सराव, धावणं, वजन हे जुने रकाने, आणि त्यांत तीन नवे: वावर, झोप, आणि एक बिनमथळ्याचा रकाना, ज्यात माझी बायको लाल टिंब टाकायची. तो मी फक्त वाचायचा.

गोदामाच्या भिंतीवर उंच उडीची मापंही सुरू केली. खडूच्या भुकटीत बोटं बुडवायची, उभं राहून हात वर करून एक खूण, मग जागेवरून उडी मारून दुसरी. तीन प्रयत्न, सर्वांत वरची धरायची. दोन खुणांमधलं अंतर पट्टीने मोजायचं. ऑक्टोबरात ते ३८ सेंटिमीटर होतं. पाय थकले की ही खूण खाली येते आणि खेळाडू कितीही "बरं आहे सर" म्हणाला तरी भिंत खोटं बोलत नाही.

मग तिच्या बाबांकडे गेलो. ओट्यावर बसून चहा झाला, बोंडअळी झाली, भाव झाला. मग मुद्द्यावर आलो.

"भाऊ, डिसेंबरात चौदा दिवस पोरगी वावरात नको."

"अन् कापूस कोन येचीन? तुम्ही?"

मी वही उघडून मागच्या वर्षीची बेरीज दाखवली. त्यांना गुणाकारात रस नव्हता. त्यांनी दुसरंच विचारलं: "म्हणजे पोरगी त्या दिवशी पुरी तयार पाहिजे. आधी नाही, मंग नाही. बरोबर?"

"बरोबर."

"मंग वाफशासारखंच आहे की हे." थोडं थांबून म्हणाले, "पण सर, वाफसा काही तारीख पाहून येत नाही."

बारा वर्षांत मी जेवढी पुस्तकं चाळली त्यांत एवढं नेमकं काही वाचलं नव्हतं. पाऊस पडून गेला की जमीन आधी चिखल असते, मग काही दिवसांनी ढेकूळ होते, आणि मधले दोन दिवस ती पेरणीला नेमकी असते. आमच्या काळ्या मातीत ते दोन दिवस चुकवणाऱ्याला दुबार पेरणी चुकत नाही. टेपर फार लवकर संपवला तर कमाई ओसरते, उशिरा सुरू केला तर चिखलातच पेरावं लागतं.

तोडगा पूर्ण निघाला नाही, पण चालण्याजोगा निघाला. पहिल्या आठवड्यात दोनच सकाळी, तेही नऊपर्यंत. दुसऱ्या आठवड्यात वावर बंद. त्या बदल्यात केंद्रातली ज्यांची स्पर्धा संपली होती अशी सहा पोरं दोन रविवार तिच्या वावरात वेचायला गेली. मी इर्जिकीसारखं, एकमेकांच्या शेतात बिनपैशाची मदत, करू म्हणालो होतो, पण तिच्या बाबांनी ऐकलं नाही. गावच्या दराने किलोवर मोजून पैसे दिले. पोरं खूश होती आणि वेचणीत इतकी कच्ची होती की अर्धा कापूस पालापाचोळ्यासकट आणला. तिच्या आईने आठ दिवस ते बोलून दाखवलं.

झोपेचा रकाना भरताना आणखी एक गोष्ट सापडली. हरभऱ्याच्या ओलिताला वीज रात्रीची असायची, त्या आठवड्यात बाराला यायची. बाबांसोबत टॉर्च धरायला तीच जायची, कारण भाऊ पुण्याला कंपनीत. पहिल्या वर्षी टेपरमध्ये अशा किती रात्री गेल्या कोण जाणे. या वेळी काका गेले.

सगळं मार्गी लागलं, टेपरचा चौथा दिवस संपला, आणि संध्याकाळी मोबाइलवर निरोप आला: स्पर्धा अकरा दिवस पुढे ढकलली आहे. कारण दिलेलं नव्हतं. क्वचितच देतात.

इथे मी सर्वांत जास्त वेळ घालवला, आणि इथेच सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटतं. दहा दिवस उरले होते, ते एकवीस झाले. टेपर तसाच चालू ठेवला असता तर पंचवीस दिवसांचा झाला असता आणि कमाई हातची गेली असती. कमाल ताकद महिनाभर टिकते असं मानतात, पण फेरीभर जोर टिकवण्याची तयारी दोन-अडीच आठवड्यांत ओसरते आणि निव्वळ वेग तर चार-पाच दिवसांतच बोथट होतो. उलट पूर्ण जोराने परत सुरू केलं असतं तर चार दिवसांत उतरलेला थकवा पुन्हा डोक्यावर. मी एकवीसचे तुकडे केले. आठ दिवस नेहमीच्या सुमारे ८० टक्के ओझं, एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि शेवटचे बारा दिवस नवा टेपर.

त्या आठ दिवसांत ती तीन सकाळी वावरात गेली. मी अडवलं नाही. मागे राहिलेली वेचणी तेवढी निपटली आणि घरातली कुरकुर थांबली. ते ओझं वहीत लिहिलं आणि तेवढं धावण्यातून वजा केलं. कापूस येचणं ही सुद्धा मेहनतच असेल, तर मेहनतीच्या दिवसांत ती चालते. त्या आठवड्याच्या शेवटी भिंतीवरची खूण ३४ वर उतरली, पहाटेची नाडी ५८ वरून ६४ वर गेली. मला उलट बरं वाटलं. उतरायला काहीतरी साठलं होतं.

चूक एक झाली. आठव्या दिवशीच उरकायचं स्पॅरिंग मी लांबवलं आणि स्पर्धेच्या नऊ दिवस आधी तिला ६० किलोच्या पोरासमोर तीन राउंड उभं केलं. नाकावर बसली, रक्त आलं. काही मोडलं नाही, पण तीन दिवस ती पॅडवरसुद्धा हनुवटी लपवून खेळत होती. हे पुन्हा करणार नाही.

वजनाबाबत या वेळी आधीच जागा ठेवली होती. टेपर सुरू करताना ती ५६.२ वर होती. पाच दिवसांनी ५६.९ झाली तेव्हा तिनेच वही पुढे करून म्हटलं, "पाणी आहे न सर हे?" रात्रीची भाकर सुटली नाही. तीळ-गूळ, शेंगदाणे, वरण-भात चालू राहिलं. जायच्या आदल्या दिवशी भिंतीवर ४१ चं अंतर निघालं. तिने खडूने बाजूला तारीख घातली, ती अजून आहे.

स्पर्धेत पहिली लढत ५-०, दुसरी ४-१. उपांत्य फेरीत २-३ ने हरली आणि कांस्य मिळालं. उपांत्य लढतीचा तिसरा राउंड पाचांपैकी चार पंचांनी तिला दिला. पहिले दोन तिने गमावले होते, आणि तिथे थकव्याचा काही संबंध नव्हता, समोरची मुलगी सरस होती. जॅब शेवटच्या मिनिटालाही खांद्याजवळ परत येत होता. मला तेवढंच पाहायचं होतं.

यावरून काय सिद्ध होतं? फार काही नाही. ती एका वर्षाने मोठी झाली होती, चिठ्ठ्यांत नाव बऱ्या जागी आलं होतं, आणि पहिल्या वर्षी जिच्याशी हरली ती पुढे अंतिम फेरीत गेली होती. एका पोरीवरून नियम काढणाऱ्या प्रशिक्षकावर मी स्वतः विश्वास ठेवणार नाही. शिवाय चार दिवसांच्या स्पर्धेत एका दिवसाचं शिखर पुरत नाही. रोज सकाळी वजन द्यायचं, दुपारी लढायचं, मध्ये काय खायचं हा वेगळाच डाव आहे, आणि मुक्कामाच्या ठिकाणच्या तेलकट पुरी-भाजीवर तो खेळावा लागतो. तिसऱ्या दिवशी भिंत नव्हती, म्हणून तिथला आकडा माझ्याकडे नाही.

पण वावराचा रकाना आता केंद्रातल्या प्रत्येक पोराच्या वहीत आहे. कुणाच्या वहीत त्यात "सोयाबीन सोंगणी" असतं, कुणाच्या "शेण-सारवण", एकाने "दूध घालणे, सायकलवर, ११ कि.मी." असं लिहिलं आणि मला त्याच्या मांड्यांचं गुपित कळलं.

यंदाच्या स्पर्धेचं पत्र अजून आलेलं नाही. तिच्या बाबांचा काल फोन होता, पहिली वेचणी सोमवारपासून, दुसरी कधी धरू म्हणाले. मी म्हटलं, दोन दिवस द्या, चौकशी करून सांगतो.